टाइपफेसचं मूळ सांगताना या चुका टाळा

फॉन्टच्या यादीत ‘गॅरामंड’ दिसलं, की पुस्तकाच्या श्रेयपानावर सर्रास छापलं जातं : ‘सोळाव्या शतकातल्या क्लोद गॅरामंडची अक्षरं’. एवढी घाई नको. गॅरामंड हा फ्रेंच टाइप-कारागीर वारला १५६१ मध्ये. त्याच्या नावाने चालणाऱ्या अनेक फॉन्टचं मूळ मात्र झाँ झानों या मुद्रकाकडे जातं, आणि त्याचा जन्मच १५८० चा. फ्रान्सच्या सरकारी छापखान्यातले झानोंचे साचे गॅरामंडचे समजले गेले आणि टाइप कंपन्यांनी तेच समोर ठेवून नवे टाइप घडवले. १९२६ मध्ये टाइपच्या अभ्यासक बिआट्रिस वॉर्ड यांनी, पॉल बोजों या टोपणनावाने, झानोंच्या १६२१ च्या नमुन्यांशी अक्षरं ताडून हा घोळ उघड केला. तोवर मोनोटाइप या टाइप कंपनीचा गॅरामंड बाजारात आला होता. नाव तेच राहिलं. मायक्रोसॉफ्ट ऑफिससोबत मिळतो तो हाच.

म्हणून नाव बाजूला ठेवा आणि अक्षर मोठं करून बघा. स्मॉल एम, एन, आर यांच्या डाव्या दांडीच्या माथ्यावरची सेरिफ (टोकाला जोडलेली छोटी रेघ) झानोंच्या घडणीत तीव्र उताराची आणि खोलगट असते. शेजारी अडोबी गॅरामंड ठेवा, फरक लगेच दिसेल.

रोमन (सरळ) आणि इटॅलिक (तिरकी) अक्षरं एकाच हातची धरणं हीदेखील नेहमीची चूक. रॉबर्ट स्लिमबाख यांच्या १९८९ च्या अडोबी गॅरामंडमध्ये रोमन गॅरामंडवरून घेतलंय, इटॅलिक रोबेर ग्रांजों या दुसऱ्या फ्रेंच टाइप-कारागिरावरून. ग्रांजोंचं नाव गाळणं मला अन्यायाचं वाटतं. ‘जॅन्सन’ या फॉन्टचंही तसंच : ती अक्षरं अँटन जॅन्सनची नव्हेत, हंगेरीच्या मिक्लोश किशने अ‍ॅमस्टरडॅममध्ये कोरलेली आहेत.

आता छपाईतली अडचण. जुन्या वळणाचा फॉन्ट निवडला आणि पान फिकट, किरटं दिसतंय? खिळ्यांच्या छपाईत दाबाने शाई कडेला थोडी पसरायची, रेषा भरायची. फ्रान्चेस्को ग्रिफो या इटालियन कारागिराच्या अक्षरांवरून मोनोटाइपने १९२९ मध्ये केलेला बेंबो हा टाइप तसाच छापला जाई. त्याच्या पहिल्या डिजिटल रूपात ती भर आली नाही, म्हणून ऑफसेटवर, म्हणजे खिळ्यांच्या दाबाविना होणाऱ्या छपाईत, तो अशक्त दिसला. २००५ मध्ये ‘बेंबो बुक’ काढून ते सुधारलं. अशा वेळी अक्षरांना कृत्रिम बोल्ड किंवा आउटलाइन देऊ नका, आतल्या पोकळ्या बुजतात. बारीक मजकुरासाठी काढलेली आवृत्ती घ्या आणि प्रूफ ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर, खऱ्या आकारात काढून बघा.