घारी-घुबडांच्या शेजारात मोकळं मांजर : या चुका टाळा

मोकळं फिरणारं मांजर पाळणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न : 'वर घार घिरट्या घालते, तिला हाकलू कशी?' हाकलता येत नाही. तिथं उंच झाड आहे आणि खाली पोटाची सोय आहे, म्हणून ती तिथं आहे. बदलायच्या त्या आपल्या सवयी आणि मांजराच्या वेळा. एवढं सांगितलं की समोरच्याचा उत्साह मावळतो आणि आठवडाभरात गच्चीवर प्लास्टिकचं घुबड येतं. हलत नाही, ओरडत नाही, जागा सोडत नाही, असलं घुबड पक्षी चार दिवसांत ओळखतात. मग कावळे त्याच्याच डोक्यावर बसतात. चकचकीत सीड्या टांगण्याचीही तीच गत.

भलत्याच गोष्टीची भीती. 'बोका घारीनं उचलून नेला' ही गोष्ट प्रत्येक वस्तीत कुणीतरी सांगतंच. घारीचं वजन साधारण ६०० ग्रॅम ते १ किलो. शिकरा तर कबुतराएवढा. पूर्ण वाढलेलं मांजर साडेतीन ते पाच किलोंचं. स्वतःच्या वजनाइतकं ओझं घेऊन उडणंही बहुतेक शिकारी पक्ष्यांना जमत नाही. तेव्हा बोका सापडत नसेल तर आभाळाकडे बघण्याआधी शेजाऱ्यांच्या बंद खोल्या, गॅरेज, गाड्यांखालची जागा बघा. मोठे गरुड आणि मोठी घुबडं यांची गोष्ट वेगळी. त्यांना शिकार उचलून न्यावी लागत नाही, ती जमिनीवरच मारता येते. आणि पिल्लांची गोष्ट तर फारच वेगळी. महिन्याचं पिल्लू जेमतेम अर्धा किलोचं, दोन महिन्यांचं किलोच्या आसपास. असल्या पिल्लांना 'जरा ऊन खाऊ दे' म्हणून उघड्या गच्चीवर सोडून आत चहा प्यायला जाणाऱ्यांना मी काही बोलत नाही, कारण बोलले तर भांडण होईल. पिल्लं उन्हात ठेवायची तर वर जाळी हवी, नाहीतर शेजारी तुम्ही हवेत. अर्धवट वाढलेल्या मांजरांनाही निदान सहा महिन्यांची होईपर्यंत मी एकटं बाहेर सोडत नाही. आणि पिल्लांच्या बाबतीत कावळ्यांना विसरू नका. घारीपेक्षा ते जास्त चिकाटीनं त्रास देतात.

बाहेर ठेवलेली खाण्याची वाटी. माझा सगळ्यात जास्त राग या वाटीवर आहे. घार ही मुळात आयतं उचलणारी. तिला मांजर नको असतं, वाटीतला तुकडा हवा असतो, आणि मांजर नेमकं त्या वाटीवर वाकलेलं असतं. रात्री उरलंसुरलं खायला उंदीर येतात, उंदरांमागे घुबड येतं, आणि त्याच उंदरांसाठी मांजरही त्याच कोपऱ्यात दबा धरून बसतं. घुबडाच्या पिसांच्या कडा झालरीसारख्या असल्यामुळे त्याच्या उडण्याचा आवाज जवळजवळ येतच नाही. मांजराचे कान कितीही तिखट असले तरी इथं त्यांचा फारसा उपयोग नाही.

ओळखीतल्या एका गृहस्थांना घारींना मांसाचे तुकडे उडवायचा नाद होता. हवेतल्या हवेत झेलतात, फोटो झकास येतात. घारींना वेळ पाठ झाली. मग एखाद्या दिवशी हे उशिरा वर गेले की घारी कठड्यावर आधीच हजर. त्याच गच्चीच्या कोपऱ्यात त्यांच्या मांजरीची वाटी असायची. व्हायचं तेच झालं. एका घारीनं वाटीवर झेप घेतली, मांजरीनं पंजा उगारला, क्षणभर नुसती पिसं आणि फिस्कारणं. घार तुकडा घेऊन गेली, मांजर पायऱ्या उतरून कपाटाखाली शिरली. गृहस्थांनी तिला बाहेर काढून बघितलं. पाठीवर रक्ताचा एक ठिपका. 'काही नाही, ओरखडा आहे' म्हणत त्यांनी तो पुसला, मलम लावलं आणि विषय संपवला.

इथंच दुसरी चूक सुरू होते, आणि तीच जास्त महागात पडते.

'वरवर काही दिसत नाही.' मांजराच्या दाट केसांखाली काहीच दिसत नसतं. शिकारी पक्ष्याची नखं बारीक आणि वाकडी असतात. भोक छोटं, पण खोल. मांजराची कातडी वरून लवकर मिटते आणि नखांवरचे जंतू आत कोंडले जातात. दोन ते चार दिवसांत तिथं गळू होतं. या मांजरीनं दुसऱ्या दिवशी खाणं टाकलं, तिसऱ्या दिवशी पाठीला हात लावला की गुरगुरायला लागली. डॉक्टरांनी केस काढले तेव्हा एका बाजूला तीन भोकं आणि समोर एक, असा पुरा पंजा उमटलेला दिसला. पुढची तीन बोटं आणि मागचं एक. त्यातली दोन भोकं पुवानं भरली होती. पू काढणं, प्रतिजैविकं, गळ्यात ती प्लास्टिकची कॉलर, असं सगळं यथासांग झालं आणि मांजर वाचली. पहिल्याच दिवशी नेलं असतं तर बहुधा इतकं झालंच नसतं.

माझी सवय अशी : झटापट बघितली किंवा नुसती शंका आली, तरी केसांच्या उलट्या दिशेनं बोटं फिरवून मान, पाठ आणि कुशी तपासायच्या. केसांचा चिकटलेला झुबका लागला की त्याखाली जखम आहे असं धरून चालायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. घरातलं पॅरासिटामॉल चुकूनही द्यायचं नाही. एवढीशी गोळी मांजराचा जीव घेते.

उंदरांना विष घालणं. 'उंदीर संपले की घुबड जाईल' असा हिशेब असतो. ब्रोडिफॅकूम, ब्रोमाडिओलोन असली विषं खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो झिंगल्यासारखा फिरतो आणि घुबडाच्या किंवा मांजराच्या आयताच हाती लागतो. मग त्यांचंही रक्त गोठेनासं होतं. लक्षणं दिसायला काही दिवस जातात. वेळेवर कळलं तर व्हिटॅमिन के१ देऊन वाचवता येतं, आणि तेही आठवडेच्या आठवडे द्यावं लागतं. पिंजरा लावा आणि धान्य झाकून ठेवा. पिंजरा रोज बघायचा कंटाळा येतो म्हणून विष घालणारे लोक मला ठाऊक आहेत. त्यांनी मांजर पाळू नये.

घरट्याच्या दिवसांत हट्ट करणं. त्या काळात घार माणसाच्याही डोक्यावर झेपावते. ती शिकार करत नसते, पिल्लं राखत असते. अंड्यांपासून पिल्लं उडेपर्यंत अडीच-तीन महिने जातात. तेवढे दिवस मांजराला त्या बाजूला सोडू नका, वर जाताना छत्री घ्या. घरटं पाडू नका. बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे.

संध्याकाळी मोकळं सोडणं. दिवसाचे पक्षी घरट्याकडे वळत असतात, घुबडं निघत असतात आणि मांजराच्या अंगात तेव्हाच वारं शिरतं. माझा उपाय एकच : संध्याकाळचं जेवण अंधार पडायच्या आधी, घरातच, आणि आधी डबा खुळखुळवायचा. मग दार बंद. मांजराला हे अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात. 'दोन दिवस करून बघितलं, येत नाही हो' म्हणणाऱ्यांनी मला पुन्हा विचारू नये. २०२१ साली एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांना असं दिसलं की मांस जास्त असलेलं खाणं दिलं तर मांजरं घरी आणतात ती शिकार ३६ टक्क्यांनी कमी होते आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवलं तर २५ टक्क्यांनी. शिकारीची खुमखुमी घरात जिरली तर झुडपात दबा धरून बसणंही घटत असावं, असं मला वाटतं.

बाकीचं थोडक्यात. घुंगरू पाखरांना सावध करतं, मांजराला घारीपासून वाचवत नाही. गळपट्टा ओढ बसताच सुटणारा हवा. जाळी ढिली बांधली तर रात्री घुबड तिच्यात अडकतं, म्हणून ती ताणून बांधा. मेलेला पक्षी मांजराला खाऊ देऊ नका. २०२३ मध्ये पोलंडमध्ये बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूनं बरीच मांजरं मेली होती. मांजरानं पक्षी धरला तर, जखम दिसो वा न दिसो, त्या पक्ष्याला उपचार लागतातच, कारण मांजराच्या लाळेतले जंतू घातक असतात. जखमी पक्ष्यावर टॉवेल टाका, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका आणि वन्यजीव बचाव करणाऱ्यांना कळवा. घुबडाचं पिसं फुटलेलं पिल्लू जमिनीवर दिसलं तर ते बहुधा टाकून दिलेलं नसतं. उडायला शिकताना ते खाली येतं, पुन्हा फांद्यांवर चढतं आणि आई-बाप त्याला भरवत राहतात. ते घरात आणू नका. ते दिवस मांजराला आत ठेवा.