रास्पबेरी पाय ५ ला कॅमेरा जोडताना
रास्पबेरी पाय ५ या एका बोर्डाच्या छोट्या संगणकावरील कॅमेऱ्याचा कनेक्टर २२ पिनांचा, तर माझ्याकडील अन्य उत्पादकाच्या, आयएमएक्स२१९ सेन्सर (चित्र टिपणारी चिप) असलेल्या कॅमेरा मॉड्यूलचा १५ पिनांचा असल्यामुळे वेगळी केबल घ्यावी लागली. वीजपुरवठा बंद करून कनेक्टरची खिट्टी दोन्ही कडांनी अलगद उचलली, केबलचे चकाकणारे संपर्क इथरनेट पोर्टच्या दिशेला ठेवून ती सरळ आत सरकवली आणि खिट्टी दाबली. येथे घाई मुळीच करू नये. केबल किंचित तिरपी बसली, तरी पुढचे सारे प्रयत्न वाया जातात.

तरीही बोर्डाने ओळखलेल्या कॅमेऱ्यांची यादी रिकामीच येत होती, कारण अन्य उत्पादकांची मॉड्यूल बहुधा आपोआप ओळखली जात नाहीत. म्हणून बोर्डाच्या कॉन्फिग (मांडणीच्या) फाइलमध्ये आपोआप ओळख बंद करणारे ‘कॅमेरा_ऑटो_डिटेक्ट=०’ करून त्याखाली सेन्सर व कनेक्टर सांगणारी ‘डीटीओव्हरले=आयएमएक्स२१९,कॅम०’ ही ओळ लिहिली (‘कॅम०’ म्हणजे बोर्डावरील दोनपैकी ० क्रमांकाचा कनेक्टर; केबल दुसऱ्या कनेक्टरमध्ये असल्यास ‘कॅम०’ वगळावे). बोर्ड पुन्हा सुरू करताच यादीत सेन्सरचे नाव ३२८० × २४६४ या रिझोल्यूशनसह आले.