जाळीचे ब्रेक होज घरी बनवण्याआधी

जाळीचा होज म्हणजे रबरी ब्रेक होजच्या जागी बसणारी, वरून स्टेनलेस तारांची जाळी विणलेली लवचिक नळी. ती बनवताना कटर सगळ्यात शेवटी बाहेर काढायचा. त्याआधी लागते सुतळी, वही, कॅलिपर आणि दोन मोकळ्या संध्याकाळी. होज कापून फिटिंग (टोकाचे धातूचे जोड) चढवायला फार तर अर्धा तास जातो. काम बिघडतं ते मोजमापात आणि आट्यांत.

आधी हे काम आपल्याला खरंच हवंय का, ते पाहून घ्या. रबरी होज बाहेरून भेगाळलेला असेल तर तो बदलायचाच. कधीकधी तो आतून सुजतो आणि एकाच दिशेने चालणाऱ्या झडपेसारखा वागतो. मग पाय उचलला तरी ऑईल मागे येत नाही, ब्रेक धरून राहतो आणि चाक तापतं. तिथे नवा होज हेच औषध. पण पॅडल खोल जातंय म्हणून जाळीचा होज घालायचा बेत असेल, तर आधी मागच्या ड्रमचे लायनर ॲडजस्ट करून बघा. जुन्या ड्रमवाल्या गाडीत पॅडलचा बराचसा प्रवास लायनर ड्रमपर्यंत पोचवण्यातच जातो. होजच्या फुगण्याचा वाटा त्यापुढे किरकोळ. जाळीच्या होजने पॅडल कडक लागतं हे खरं, पण सैल ॲडजस्टमेंट त्याने झाकली जात नाही.

जिथे गाडी चालवणार तिथल्या तपासणीत घरी जोडलेला होज चालतो का, हेही आत्ताच विचारून घ्या. काही ठिकाणी कारखान्यात तपासून शिक्का मारलेलाच लागतो, आणि त्यामागे कारण आहे. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १०६ या मानकात हायड्रॉलिक ब्रेक होज ३५ तास सतत हलवत ठेवून पाहतात, शिवाय ४००० पीएसआय (साधारण २७५ बार) दाब २ मिनिटं सोसायला लावतात. असली परीक्षा आपल्या बाकावर होत नाही. परवानगी नसेल तर मापं घेऊन तयार, तपासलेले होज मागवा. खालची मोजमापाची सगळी तयारी तेव्हाही कामी येईल.

गाडीखाली जाऊन होज मोजा. पुढे दोन आणि मागे सबंध ॲक्सल असेल तर मधला एक, असे बहुतेक तीन भरतात. मागची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर असतील तर चार. खाली जाताना गाडी स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर नको, आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे हवेत. ब्रेकच्याच कामात हँडब्रेकच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. याच फेरीत लोखंडी पाईपांच्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. प्रत्यक्ष खोलायच्या दिवसापर्यंत त्याला दोन-तीन दिवस मिळाले तर बरं.

आता आटे. यात घाई केली तर पुढचं सगळं फुकट. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बहुधा ३/८ इंच यूएनएफ (इंची मापाचे बारीक आटे), २४ आट्यांचे नट सापडतात; युरोपीय आणि जपानी गाड्यांत बहुधा १० मिमी, १ मिमी पिचचे. पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांतलं अंतर. ३/८ इंच म्हणजे ९.५२५ मिमी, आणि इंचाला २४ आटे म्हणजे पिच १.०५८ मिमी. दोन्ही इतके जवळचे की यूएनएफचा नट १० मिमीच्या भोकात हाताने गोडीगुलाबीने फिरत जातो, पान्याखाली आवळल्यासारखाही वाटतो. पण धरलेला असतो फक्त आट्यांच्या टोकांवर. जोरात पाय दाबला की लायनीत १०० बारच्या घरात दाब जातो, तेव्हा हे आटे निसटतात. आणि जुन्या गाडीत आधीच्या मालकाने कुठे काय बसवलं असेल याचा नेम नाही, त्यामुळे पुस्तकावर विसंबू नका. प्रत्येक टोकाचा व्यास कॅलिपरने आणि पिच पिच-गेजने तपासा, आणि कोणत्या चाकाचं कोणतं टोक ते लिहून ठेवा.

आटे जुळले म्हणजे सांधा जुळला असं नाही. काही होज तांब्याच्या वॉशरवर बसतात, काही आतल्या शंकूवर, काहींना बॅन्जो बोल्ट (ज्याच्या पोटातून ऑईल जातं असा पोकळ बोल्ट) असतो. लोखंडी पाईपाच्या तोंडाचा फ्लेअरही (पसरवलेली कड) पाहा: दुहेरी दुमडलेला ४५ अंशांचा, की बुडबुड्यासारखा गोल? डॅश साइजच्या (डॅश ३, डॅश ४ अशा क्रमांकाने मिळणाऱ्या) फिटिंगचा शंकू ३७ अंशांचा असतो. ३७ वर ४५ आवळला तर कडा चेपते, आज गळत नाही आणि महिन्याभराने गळतो. मध्ये योग्य ॲडॉप्टर घ्या, किंवा पाईपाला नवा फ्लेअर मारा. गळतंय म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. ब्रेकचा सांधा बंद होतो तो बैठकीवर, म्हणजे दोन तोंडं एकमेकांवर टेकतात तिथे, आट्यांत नव्हे. टेपचा तुकडा सुटून आत गेला तर बारीक वाट अडवतो.

सामान घेताना होजच्या आत काय आहे ते विचारा. ब्रेकला पीटीएफईची (टेफ्लॉनची) नळी आणि त्यावर स्टेनलेस जाळी असा डॅश ३ मापाचा होज लागतो. आतलं भोक साधारण ३ मिमी. पेट्रोल-ऑईलसाठी मिळणारा रबरी पोटाचा जाळीचा होज दिसायला हुबेहूब तसाच असतो आणि या कामाला अजिबात चालत नाही. होज आणि फिटिंग एकाच कंपनीची घ्या. पितळी ऑलिव्ह (नळीच्या टोकावर चढून आवळल्यावर चेपणारी कडी) एकदाच वापरता येतात, म्हणून चार-पाच जादा ठेवा. पहिलं टोक हमखास बिघडतं. बॅन्जोला दोन्ही बाजूंनी एकेक असे दोन नवे कॉपर वॉशर लागतात. जाळीवर पारदर्शक प्लॅस्टिकचं आवरण असलेला होज मला जास्त पटतो. उघडी जाळी कानशीसारखी असते; जिथे टेकेल तिथला रंग, सांध्यावरचं रबरी बूट, टायर, काहीही खात जाते.

मोजमाप सुतळीने. दोर जुन्या होजच्या वाटेने धरायचा, पण चाक लटकतं ठेवून एकदाच मोजलं की संपलं असं नाही. पुढच्या होजसाठी स्टेअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे, आणि या दोन्हींत चाक एकदा पूर्ण खाली, एकदा जॅकने उचलून पूर्ण वर. म्हणजे चार स्थिती. सर्वांत लांब भरेल ते माप घ्यायचं आणि थोडी ढील जोडायची. मग सर्वांत जवळच्या स्थितीत तो जादा भाग टायरला किंवा सस्पेन्शनच्या आर्मला लागत नाही ना, ते पाहायचं. रबर थोडं ताणलं जातं, जाळी ताणली जात नाही. फिटिंगच्या तोंडाशीच वाक आला तर तिथेच जाळीच्या तारा तुटू लागतात, म्हणून टोकापासून थोडा भाग सरळ जाऊ द्या. वाकाची किमान त्रिज्या विक्रेत्याच्या कागदावर असते. तो कागद टाकून देऊ नका.

कापायचं ठिकाण खुणेवर टेपने घट्ट गुंडाळा आणि टेपच्या मधोमध कापा. पातळ ग्राइंडिंग चकती किंवा केबल कापायचा धारदार कटर चालतो. बोथट हॅकसॉने तारा पिंजारतात. पिंजारलेली स्टेनलेस तार बोटात शिरली की निघता निघत नाही, म्हणून जाड हातमोजे आणि चष्मा. पीटीएफईची कड ब्लेडने स्वच्छ करा आणि नळीत दाबाची हवा मारा. चकतीची पूड आत राहिली तर ती थेट व्हील सिलिंडरच्या रबरापर्यंत जाते.

मग क्रम. सॉकेट (फिटिंगची बाहेरून आवळायची टोपी) होजवर आधी चढवायचा. दुसरं टोक बनवण्याआधी त्याचाही सॉकेट चढलेला हवा. मी एकदा दोन्ही टोकांचं काम उरकून बाकावर एक सॉकेट तसाच पडलेला पाहिला आहे. जाळी थोडी मागे उलगडून ऑलिव्ह नळीवर, जाळीच्या आत, नळीचं तोंड ऑलिव्हच्या कडेला टेकेपर्यंत सरकवा. जाळीची एकही तार ऑलिव्हखाली अडकू देऊ नका. फिटिंगचं निपल (नळीत शिरणारं टोक) ब्रेक ऑईलमध्ये बुडवून सरळ आत ढकला, मग सॉकेट आट्यांवर आणून पान्याने आवळा. दोघांमध्ये अगदी बारीक फट उरते, ती तशीच असायला हवी. व्हाइसमध्ये धरताना मऊ जबडे लावा. एका टोकाला बॅन्जो असेल तर दुसरं टोक आवळण्याआधी त्याची दिशा जुळवा. होजला पीळ पडला तर तो प्रत्येक वळणावर फिटिंग सैल करत राहतो.

बसवताना जुना पाईप ठिबकत राहू नये म्हणून एक सोपी युक्ती: पॅडल किंचित दाबून लाकडाने तसंच अडकवा. मास्टर सिलिंडरचं (पॅडलने ऑईल ढकलणाऱ्या सिलिंडरचं) टाकीकडचं बारीक भोक बंद होतं आणि टाकी रिकामी होत नाही. नट फ्लेअर-पान्याने सोडवा, साध्या पान्याने कोपरे घासतात. जो सिरा बॉडीवरच्या ब्रॅकेटमध्ये आहे तो लॉकनट किंवा क्लिपने पक्का झालाच पाहिजे. ब्रॅकेट सैल राहिला तर होजऐवजी लोखंडी पाईप हलतो आणि तिथेच तडकतो.

ब्रेक ऑईल डॉट ४ दर्जाचं घ्या, डबा नवा, सीलबंद. कोरडं असताना त्याचा उत्कलनांक किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर किमान १५५. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नये. गाडीत आधीपासून सिलिकॉन असेल तर तेच पुढे चालू ठेवा, नाहीतर सगळी यंत्रणा धुऊनच बदला. रंगावर डॉट ४ सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

नवं ऑईल भरल्यावर लायनीतली हवा काढताना पॅडल तळापर्यंत दाबू नका. जुन्या मास्टर सिलिंडरच्या शेवटच्या भागात गंज असतो. त्यावरून रबर घासलं की फाटतं, आणि मग होज राहतो बाजूला, सिलिंडर बदलायची पाळी येते. त्यात जुनी गाडी एकाच सर्किटची, म्हणजे चारही चाकांना ऑईलची एकच वाट असलेली, असू शकते. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दोन सर्किटं सक्तीची झाली, पण त्याआधीच्या कित्येक गाड्यांत एक होज गेला की चारही चाकांचे ब्रेक गेले.

मदतीला एक माणूस बोलवा. त्याने पॅडल पूर्ण ताकदीने दाबून पाच मिनिटं धरावं, तोवर तुम्ही प्रत्येक सांध्याभोवती कोरडा कागद फिरवा. ओल दिसली तर सांधा नुसता आणखी आवळू नका, खोलून बैठक पाहा. कागद कोरडा राहिला तर स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून वाट पुन्हा एकदा नजरेखालून घाला. पहिली फेरी रिकाम्या जागेत, चालण्याच्या वेगाने. परत आल्यावर चाकं काढा आणि तोच कागद पुन्हा फिरवा.