रास्पबेरी पायवर वायफाय मॉनिटरिंग करताय? या चुका टाळा

अभ्यासिकेतल्या पोरांची रोजची तक्रार, नेट मधेच जातं. म्हणून एक जुना रास्पबेरी पाय ३बी (छोटासा एका बोर्डावरचा कॉम्प्युटर, पुढं नुसतं 'पाय') लावला, दर दहा सेकंदाला पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजणं), डेटा इन्फ्लक्सडीबी या डेटाबेसमधे आणि वर ग्राफाना या ग्राफ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा डॅशबोर्ड. पहिल्याच दिवशी ग्राफ नुसता दातेरी, पिंग ३-४ मिलिसेकंदावरून एकदम १५० वर जायचं नि परत खाली यायचं, आणि मी दोन दिवस राउटरच्याच मागे लागलो. राउटर बिचारा बरोबर होता, पायच्या वायफायचं पॉवर सेव्ह (वीज वाचवायला वायफायला मधेमधे झोपवणारं सेटिंग) चालू होतं! ते ऑफ केलं की ग्राफ सपाट. रीबूटनंतर ते परत चालू झालं नाही ना हेही बघा.

तेव्हापासून माझा नियम, आधी पाय तपासायचा, मग नेटवर्क. मोबाइलचा कुठलाही चार्जर लावू नका, व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की पाय तक्रार करतो आणि स्पीड कमी करतो. पायवर 'vcgencmd get_throttled' ही कमांड चालवा, ०x० आलं तर ठीक, ०x५०००५ आलं तर अडॅप्टर बदला. लोखंडी कपाटात किंवा मेटलच्या डबीत तर ठेवूच नका. आणि राउटरशेजारी ठेवून काय उपयोग, तिथं सिग्नल उणे ४० डीबीएम दिसणारच (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला), पोरं बसतात त्या टोकाला उणे ८० असतो, तिथं ठेवा.

पिंग दोन ठिकाणी करा, राउटरला वेगळं नि ८.८.८.८ ला (इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर) वेगळं. दोन्ही पडली तर वायफाय किंवा राउटर बघा, फक्त दुसरं पडलं तर बाहेरची लाइन, मग उगाच चॅनेल बदलत बसू नका.

सगळ्यात फसवणारी गोष्ट म्हणजे सरासरी. तासाच्या सरासरीत ४० सेकंदांचा ड्रॉप दिसतच नाही, पण ऑनलाइन टेस्ट देणाऱ्या पोराची टेस्ट तेवढ्यात जाते. म्हणून मॅक्स (सगळ्यात जास्त लागलेला वेळ) आणि पॅकेट लॉस (किती पिंगना उत्तरच आलं नाही) दाखवा. ग्राफानात रिकाम्या जागा रेषेनं जोडायचं सेटिंगही बंद ठेवा, नाहीतर वायफाय पडलं, डेटा आलाच नाही, तरी रेष मस्त सरळ दिसते.

लाइट जाऊन आली की घड्याळ बघा, ३बीमधे बॅटरीवरचं घड्याळ नसतं, नेटवरून वेळ मिळेपर्यंत जुनीच वेळ चालते आणि नोंदी भलत्याच तासात जाऊन पडतात. वेळ सिंक झाल्यावरच पिंगची स्क्रिप्ट सुरू होईल असं लावा.