गाड्यांच्या वायरलेस जाळ्यावर प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

इंदूरचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवरून उतरवून गाडीकडून गाडीकडे डेटा पाठवण्याचं सिम्युलेशन करणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, पोचत नाही म्हटलं की सगळे आधी प्रोटोकॉल, म्हणजे तो कुणाकडून पुढे न्यायचा याचे नियम, बदलतात. दोष बहुधा त्याच्याही आधी, रस्त्यांच्या मांडणीत असतो.

सगळ्यात महागात पडतं ते इमारती विसरणं. गाड्या ज्यावर बोलतात त्या 5.9 गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींपुढे फार लवकर क्षीण होतात. एनएस-2 या नेटवर्क सिम्युलेटरमधलं टू-रे ग्राउंड मॉडेल (यात लहर थेट आणि जमिनीवरून परावर्तित होऊन पोचते, इमारती नसतातच) आणि 250 मीटरची रेंज तशीच ठेवली, तर राजवाड्यामागच्या दोन समांतर गल्ल्यांतल्या स्कूटर एकमेकींच्या शेजारी, म्हणजे थेट डेटा पाठवता येण्याजोग्या, ठरतात. प्रत्यक्षात मध्ये घरांची अख्खी रांग उभी असते. इमारती धरल्या की गाड्यांच्या ठिकाणांवरून वाट ठरवणारा जीपीएसआर अडखळतो. 2000 सालचा हा प्रोटोकॉल पॅकेट देतो मुक्कामाच्या सर्वांत जवळच्या शेजाऱ्याला, आणि शहरात तो शेजारी हमखास बंद गल्लीत निघतो. त्यापेक्षा त्याच जातीचा, शहरी रस्त्यांसाठीचा जीपीसीआर बघा: चौकातल्या गाडीला डावलून पॅकेट पुढे जात नाही, वळायचं कुठे हे चौकातच ठरतं. मात्र इंदुरातल्या पिपलियाहानासारखा उड्डाणपूल आला की नकाशात रस्ते एकमेकांना छेदताना दिसतात, पण पुलावरून खालच्या रस्त्यावर वळता येत नाही. ती जागा हाताने तपासा.

शेजाऱ्यांची यादी शिळी होते, याकडेही लक्ष द्या. प्रत्येक गाडी आपलं ठिकाण सांगणारा छोटा संदेश, म्हणजे बीकन, ठरावीक वेळाने पाठवते. जीपीएसआरमध्ये शेवटच्या बीकननंतर शेजाऱ्याची नोंद साडेचार बीकनांच्या वेळेपर्यंत टिकते. बीकन सेकंदाला एक असेल आणि समोरासमोरून ताशी 50 किलोमीटरने आलेल्या गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या, तर तेवढ्या वेळात त्यांच्यात सुमारे 125 मीटरचं अंतर पडतं. म्हणजे निम्मी रेंज! बीकन वाढवले तर सिग्नलवरच्या गर्दीत ते एकमेकांवर आदळतात, म्हणून नोंदीची मुदत कमी करून आधी बघा.

गाड्यांना रस्ते न बघता कुठेही फिरवणारं रँडम वेपॉइंट मॉडेल सोडा, सुमो हा वाहतुकीचा सिम्युलेटर घ्या. त्यात नेटवर्क बनवताना 'लेफ्टहँड' पर्याय द्यायचा राहिला, तर सगळं इंदूर उजवीकडून चालतं. दुचाकींसाठी सबलेन मॉडेल चालू करा, म्हणजे एकाच लेनमध्ये वाहनं शेजारी-शेजारी मावतात. नाहीतर त्या कारच्या मागे शिस्तीत उभ्या राहतात आणि सिग्नलपाशी खरी दाटी दिसतच नाही.

रात्री रस्ता रिकामा असताना पुढची गाडी सापडेपर्यंत पॅकेट जवळ बाळगणं हाच उपाय. त्याने पोचण्याचं प्रमाण वाढतं, पण उशीरही वाढतो, तेव्हा दोन्ही आकडे एकाच तक्त्यात द्या.