वेताळ टेकडीवर वसंतातली फुलं बघायला जाताय? मग हे वाचा

फेब्रुवारी संपत आला की पुण्यात हमखास ऐकू येतं, टेकडी आता सगळी सुकलीये, पावसाळ्यात जाऊ. पावसाळ्यात जाच, पण होळी ते अक्षय्य तृतीया या दिवसांत वेताळ टेकडीवर जे फुलतं ते नंतर वर्षभर दिसत नाही, आणि नेमकं याच दिवसांत टेकडीला सगळ्यात जास्त जपावं लागतं, म्हणून बघायचं कसं आणि जपायचं कसं हे एकत्रच लिहितेय.

वेळ सकाळचीच धरा. साडेसहा-पावणेसातला वर असाल तर उत्तम, नऊनंतर ऊन तापतं आणि पक्षीही गप्प होतात. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने चढ कमी आहे, लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर तिकडूनच या. पाषाणकडून पंचवटीतून किंवा चतु:शृंगीकडूनही वर येता येतं. पाणी भरपूर घ्या, बूट घाला, परफ्यूम मारून येऊ नका कारण मधमाश्या असतात, आणि स्पीकर तर घरीच ठेवा.

पावसाळ्यात फुलं पायाशी असतात, वसंतात मात्र मान वर करावी लागते. आपल्याकडची बरीच झाडं आधी पानं गाळतात आणि मग फुलतात, म्हणजे लांबून पक्ष्यांना नुसती फुलंच दिसतात. सुरुवात पळसापासून करा. पळसाला पाने तीनच हे सगळ्यांना पाठ असतं, पण पांगाऱ्यालाही तीनच पानं असतात आणि फुलायच्या वेळी दोघांनाही पानं जवळजवळ नसतातच, त्यामुळे खोड बघायचं, पांगाऱ्याला काटे असतात, पळसाला नसतात. काटे काटेसावरीलाही असतात पण तिचं फूल मोठं, पाच जाडजूड पाकळ्यांचं, खाली पडतं तेव्हा आवाज येतो. या झाडांखाली पाच मिनिटं तरी शांत उभे राहा. सूर्यपक्षी, बुलबुल, आणि नशीब असेल तर पळस मैनांचा अख्खा थवा, ही मैना थंडीत आपल्याकडे येते आणि एप्रिलच्या आसपास मध्य आशियाकडे परत निघते, जायच्या आधीचे दिवस पळस-सावरीवर काढते आणि नावही तिला त्यावरूनच मिळालंय.

मग बारीक फुलांकडे वळा, मला स्वतःला हीच जास्त आवडतात. सालई ओळखायची तिच्या कागदासारख्या सुटणाऱ्या सालीवरून, फुलं छोटी पांढरट असतात. मोईच्या झाडावर एकही पान नसताना त्याला फुलांचे तुरे लटकतात, बहुतेक लोक ते बघतच नाहीत. करवंदीच्या जाळ्या मार्च-एप्रिलमध्ये पांढऱ्या होतात आणि वास आधी येतो, झुडूप नंतर दिसतं. एप्रिल-मेमध्ये मेडशिंगीची पांढरी फुलं रात्री उमलतात, सकाळी झाडाखाली पडलेली मिळतात.

आता ते गुलाबी फुलांचं झाड. दरवर्षी त्याचे फोटो पुण्याचा चेरी ब्लॉसम म्हणून फिरतात. ते गिरिपुष्प आहे, म्हणजे ग्लिरिसिडिया, काही लोक उंदीरमारी म्हणतात, मूळचं मध्य अमेरिकेतलं, टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून वनीकरणात लावलेलं. दिसायला सुंदर आहे यात वाद नाही, पण त्याची दाट राई असते तिथे खाली वाकून बघा आणि मग मोकळ्या गवताळ उतारावर बघा, खाली उगवणाऱ्या देशी झाडाझुडपांतला फरक लगेच कळतो.

आणि हो, खाली बघायलाही काही आहे. भुईगेंद जमिनीला चिकटून असतो, काटेरी गोळ्यासारखा, त्याच्यात बारीक फुलं असतात, लोक त्याच्यावर पाय देऊन जातात. वाळलेल्या गवताखाली आमरीचे (म्हणजे ऑर्किडचे) कंद, मुसळीची मुळं जिवंत असतात, पहिल्या पावसाची वाट बघत. टिटवी मार्चपासून उघड्या जमिनीवरच अंडी घालते, दगडांत दगडासारखी दिसतात, समजतही नाही. म्हणून मळलेली पायवाट सोडू नका, फोटोसाठी चार पावलंही नको, आणि बाईक-सायकलने नवीन वाटा पाडू नका.

फुलं तोडू नका, होळीच्या रंगासाठी पळस हवा असेल तर खाली पडलेली मूठभर घ्या, फांद्या ओढू नका. ओळख पटत नसेल तर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या अ‍ॅपवर टाका, पण नुसतं फूल नको, पूर्ण झाड, खोड, फूल पुढून आणि मागून, पान असेल तर पान असे वेगवेगळे फोटो काढा, म्हणजे कुणीतरी नीट सांगू शकेल.

सगळ्यात मोठी भीती वणव्याची. तळेगाव दाभाड्याच्या माळावरची डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा नावाची वनस्पती २०२४ मध्ये नवीन प्रजाती म्हणून नोंदली गेली, आपल्या पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेच्या संशोधकांचं काम, ती पावसाळ्यानंतर एकदा फुलते आणि गवत जळल्यावर परत एकदा. हे ऐकून कुणी म्हणतं मग आग चांगलीच की. नाही हो. चारी बाजूंनी इमारतींनी वेढलेल्या टेकडीवर दरवर्षी आग लागली तर सरडे, साप, तित्तिराची पिल्लं जाणार कुठे, आणि पळसाची, सालईची छोटी रोपं मोठी होणार कधी? सिगरेट-काडेपेटी वर आणायचीच नाही, धूर दिसला की १०१ आणि वनविभागाची १९२६ हेल्पलाइन, दोन्हींना फोन करा आणि नेमकी जागा सांगा, कुठल्या बाजूने चढलात तेही सांगा.

२०२३ च्या एप्रिलमध्ये प्रस्तावित रस्त्यापासून टेकडी वाचवायला हजारो पुणेकर एकत्र आले होते, त्यामुळे प्रेम आहे हे मला माहितेय. पण त्याच प्रेमापोटी लोक मोकळ्या गवतावर खड्डे खणून मिळेल ते रोप लावतात, तसं करू नका. ते गवत म्हणजे रिकामी जागा नाही, ते इथलं मूळ घर आहे. काही करायचंच असेल तर एक बाटली जास्तीचं पाणी घेऊन या आणि आधीच लावलेलं एखादं देशी रोप मे संपेपर्यंत जगवा, एकच निवडा पण दर आठवड्याला या, आणि बुंध्याभोवती वाळलेल्या पानांचा थर घाला म्हणजे ओल टिकते, फक्त आसपासचं गवत उपटू नका.