चिऱ्याच्या घरात दुसरा ॲक्सेस पॉइंट लावताय? या चुका टाळा

गणपतीला पंधरा दिवस उरले की आमच्या गुहागरकडच्या वाडीत फोन सुरू होतात. "चाकरमानी येतायत, मागच्या खोलीत वायफाय लागत नाही, दुसरा राउटर आणलाय, जरा येऊन बघ." अशी बरीच घरं पाहिली. हा दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे मूळ राउटरचं इंटरनेट दुसऱ्या खोलीत वायफायने देणारं यंत्र म्हणून वापरायचा असतो. यंत्रच खराब निघालं असं क्वचित झालं. बहुतेक ठिकाणी ते चुकीच्या जागी ठेवलेलं, नाहीतर चुकीच्या पोर्टात जोडलेलं होतं.

आधी भिंत ओळखा

ज्याचे चिरे पाडतात तो जांभा दगड सच्छिद्र असतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि गिलावा नसलेली चिऱ्याची भिंत तो पिऊन घेते. पाणी रेडिओ लहरी शोषतं. त्यामुळे मे महिन्यात माजघरात बरी रेंज दाखवणारा फोन आषाढात त्याच जागी अडखळतो. वायफायच्या नेहमीच्या दोन बँडपैकी (लहरींच्या पट्ट्यांपैकी) ५ गिगाहर्ट्झची लहर तर २.४ पेक्षा भिंतीत लवकर संपते. जुन्या घरात मातीत बांधलेली दीड फुटी भिंत असेल, तर ओटीवरचा राउटर स्वयंपाकघरापर्यंत पोचेल ही आशा सोडा. पडवीचे पत्रे आणि लोखंडी कपाट आड आलं तर आणखी अडचण.

रिपीटर नेमका अंधारात ठेवणं

ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. जिथे रेंज नाही तिथेच रिपीटर (मूळ राउटरचं वायफाय पकडून पुढे देणारं यंत्र) लावला जातो. पण जे त्याला स्वतःला ऐकू येत नाही, ते तो पुढे काय सांगणार? तो मधल्या खोलीत हवा, जिथे मूळ राउटरची रेंज अजून चांगली आहे. मोबाइलवर वायफाय ॲनालायझर ॲप घालून बघा, ते सिग्नलचा जोर डीबीएममध्ये दाखवतं, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला: उणे ६५ डीबीएमच्या आसपास आकडा असेल ती जागा ठीक, उणे ८० असेल तर तिथे रिपीटर लावून उपयोग नाही. शिवाय एकाच बँडवर ऐकणारा आणि बोलणारा रिपीटर वेग साधारण निम्म्यावर आणतो. म्हणून माझं मत सरळ आहे: चिऱ्याच्या घरात तार ओढा आणि दुसरा ॲक्सेस पॉइंट तारेवर चालवा. एकदाच त्रास होतो.

तार घेताना हात आखडू नका. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण खाऱ्या हवेत तिची टोकं लवकर खराब होतात. शुद्ध तांब्याची कॅट ६ (नेटवर्क केबलचा एक दर्जा) घ्या, आणि पन्हळीखालून बाहेरून न्यायची असेल तर काळ्या वेष्टनाची, उन्हापावसात टिकणारी. एका ओढीत १०० मीटरच्या पुढे जाऊ नका. भोकातून आत घेण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पागोळीचं पाणी झोळावरून गळून जाईल, तारेवरून ओघळत सॉकेटमध्ये शिरणार नाही. विजेच्या वायरीला बिलगून एकाच पाइपात ती घालू नका.

एका घरात दोन कारभारी

आता खरी गोम. आमच्या काकींकडे गेल्या वर्षी असंच झालं. जुना राउटर मागच्या खोलीत नेला, तार जोडली, दिवे लागले. फोन जोडला जाई, पण "इंटरनेट नाही" असं दाखवी. ओटीवरचे फोनही मधूनच बंद पडत. काकी म्हणाल्या, "दुसरा आणला आणि पहिलाही रुसला." दोन्ही राउटरचा नेटवर्कमधला (आयपी) पत्ता १९२.१६८.१.१ होता, आणि दोघेही फोनना पत्ते वाटत होते. ज्याच्या हाती फोन आधी सापडे, तो पत्ता देई. मागच्या राउटरकडून पत्ता घेतलेला फोन बाहेरची वाट त्याच्याकडेच मागे, आणि त्याच्याकडे ती नव्हती.

उपाय असा. मूळ राउटरकडून आलेली तार न जोडता, फक्त लॅपटॉप दुसऱ्या राउटरला लावा. त्याच्या सेटिंगमध्ये लॅनचा (घरातल्या जाळ्याचा) पत्ता १९२.१६८.१.२ करा आणि डीएचसीपी, म्हणजे फोनना पत्ते वाटायचं काम, बंद करा. मूळ राउटरला सांगा की पत्ते १० पासून पुढे वाट, म्हणजे २ क्रमांक दुसऱ्या कुणाला जाणार नाही. मूळ राउटरचा पत्ता १९२.१६८.०.१ असेल, तर दुसऱ्याला त्याच मालिकेतला द्या. मग मूळ राउटरकडून आलेली तार दुसऱ्याच्या लॅन पोर्टात घाला, बाहेरच्या इंटरनेटसाठी असलेल्या वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टात नाही. सेटिंगमध्ये "ॲक्सेस पॉइंट मोड" हा पर्याय असेल तर तोच निवडा, बहुतेक कामं तो आपोआप करतो. नवा पत्ता चिकटपट्टीवर लिहून यंत्राच्या पाठीला लावा. पुढच्या वर्षी शोधत बसावं लागत नाही.

डीएचसीपी चालू ठेवून वॅन पोर्टात तार घातली तरी इंटरनेट येतं, म्हणून बरेचजण तसंच सोडतात. मग ओटीवरचा प्रिंटर माजघरातून सापडत नाही, टीव्हीवर मोबाइल दिसत नाही. कारण घरात दोन वेगळी जाळी झालेली असतात. आणखी एक: दोन राउटरमध्ये चुकूनही दोन तारा जोडू नका. माहिती गोल फिरत राहते आणि सगळं घर ठप्प होतं.

नाव, चॅनेल, वेग

दोन्हींचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच ठेवा. चॅनेल (बँडमधली जागा) मात्र वेगळे: २.४ वर एकाला १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. फोन लांबच्या राउटरला चिकटून राहत असेल, तर त्या राउटरच्या २.४ च्या सिग्नलचा जोर एक पायरी कमी करा. कुठे जोडून राहायचं हे बहुतेक वेळा फोनच ठरवतो, म्हणून सिग्नल ढिला पडल्याशिवाय तो हलत नाही.

वेग १०० मेगाबिटच्या आसपासच थांबतोय? केबलची टोकं बघा. १०० मेगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारपैकी दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला (१,००० मेगाबिट) चारही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी सुटली की सगळं चालल्यासारखं वाटतं, फक्त हळू. आमच्या घरी दोन पावसाळ्यांत क्रिंप केलेल्या (पक्कडीने दाबून बसवलेल्या) टोकाच्या पिनांवर तांब्याच्या भांड्याला येतो तसा हिरवा कळंक आला होता. टोक कापून नवं बसवलं, वेग परतला.

वीज

वीज गेली की ओटीवरचा राउटर इन्व्हर्टरवर चालतो, मागचा ॲक्सेस पॉइंट मात्र बंद पडतो. पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) वापरलं तर लॅनच्या तारेतूनच वीज जाते आणि एकाच इन्व्हर्टरवर दोन्ही सांभाळता येतात.

मांगरापर्यंत किंवा गोठ्यापर्यंत उघड्यावरून तांब्याची तार नेऊ नका. वळवाच्या आणि परतीच्या पावसात जवळ वीज पडली की तिचा झटका त्या तारेतून दोन्ही यंत्रांत शिरतो, भिंतीतल्या सॉकेटचा सर्ज प्रोटेक्टर तो अडवत नाही. तिथे फायबर (काचेच्या तंतूची केबल), तोही आत पोलादी तार नसलेला, आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची तार जोडणारं यंत्र) लावा. घरातल्या घरात तांबं चालतं, पण आभाळ भरून आलं की, गडगडाट सुरू होण्याआधीच, वीजेचा प्लग काढा आणि लॅनची तारही उपसा. आमच्याकडे हे काम आता बाबा करतात, खळ्यावरचे कपडे उचलायला जाण्याच्या आधी.